बुडबुडे दिसले, एवढंच लिही

शाळेच्या स्मरणिका समितीचा फॉर्म आला. नाव, दहावीचं वर्ष, पत्ता आणि त्याखाली 'आपली उल्लेखनीय कामगिरी (जास्तीत जास्त पाच ओळी)'. तो रकाना वाचून मी घरात एकटाच हसलो. ३८ वर्षं मी हाच रकाना लोकांकडून भरून घेत होतो. स्वतःवर पाळी आली तेव्हा पेन पुढे सरकेना. म्हणून पाच ओळींऐवजी हे. समितीने कात्री लावायला हरकत नाही, फक्त बाईंचा भाग कापू नये.

मी १९७९ च्या दहावीचा. आठवीत आम्हाला विज्ञानाला ज्या बाई होत्या त्यांचं नाव लिहीत नाही. 'निरीक्षणबाई' म्हटलं की त्या चार-पाच बॅचेसच्या पोरांना बरोबर कळेल. जिन्याखालची ती खोली, तिला आपण प्रयोगशाळा म्हणायचो. पावसाळ्यात भिंतीला ओल यायची आणि काडेपेटी पेटायची नाही. आठ-दहा मुलांत मिळून एक परीक्षानळी. बाकीच्यांनी मागून माना लांब करून बघायचं.

त्या दिवशी जस्ताचे तुकडे आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. नळीत फसफस सुरू झाली. प्रयोगवहीत कृती, निरीक्षण, अनुमान असे तीन मथळे पाडलेले. मी 'निरीक्षण'खाली मोठ्या ऐटीत लिहिलं, 'हायड्रोजन वायू बाहेर पडला.' पुस्तकात तसंच होतं.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "हायड्रोजन तुला दिसला?"

"हो बाई."

"कुठल्या रंगाचा होता रे?"

वर्ग हसला. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, हे मला पाठ होतं. तेच तर पाठ होतं.

"मग दिसलं काय?"

"बुडबुडे."

"मग बुडबुडे दिसले एवढंच लिही. हायड्रोजन खालच्या मथळ्यात. आणि तोही जळती काडी नळीच्या तोंडाशी नेऊन फट् असा आवाज आल्यावर. आधी नाही."

त्या पानाला मला दहापैकी सहा मिळाले. तेव्हा बाईंचा रागच आला होता. माझ्या शेजारच्याने पुस्तकातलंच वाक्य लिहून बाईंची नजर चुकवली आणि आठ मिळवले. तो पुढे बँकेत मोठा झाला, पण ते असो.

आमच्या घरी दोन माणसं गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी एफ.वाय. बी.एस्सी.ला होतो. परीक्षा दिली आणि कॉलेज सुटलं. हाताशी मराठी तीस, इंग्रजी चाळीसचं टायपिंगचं सर्टिफिकेट होतं. त्यावर १९८३ मध्ये मुंबईतल्याच एका विद्यापीठात लिपिक-टंकलेखक म्हणून चिकटलो. विद्यापीठ कोणतं ते विचारू नका. पुढे जे लिहिणार आहे त्यातलं काही तिथल्या मंडळींना रुचणार नाही. मला पेन्शन तिथूनच येते.

माझ्या टेबलावर वार्षिक अहवाल आला आणि शेवटपर्यंत टेबलावरच राहिला. दरवर्षी अधिसभेपुढे ठेवायचा हा अहवाल. त्यातलं 'अध्यापकांचे संशोधन व सन्मान' हे प्रकरण माझ्याकडे. कोणाचा शोधनिबंध कुठे छापून आला, कोण परदेशी परिषदेला गेलं, कोणाच्या हाताखाली किती जणांना पीएच.डी. मिळाली, कोण कुठल्या समितीवर. विभागांकडून चिठ्ठ्या यायच्या, काही पाठकोऱ्या कागदांवर, एकदा तर लग्नपत्रिकेच्या मागे. मी त्या जुळवून स्टेन्सिल कापायचो. सुरुवातीला हे प्रकरण जेमतेम पाच-सहा पानांत संपे. १९९४ मध्ये विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी नॅक स्थापन झाली, पुढे २०१० च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी प्रत्येक निबंधाला, प्रत्येक परिषदेला गुण लावले, आणि पानं अशी वाढली की अहवालाला दोन बाइंडिंग लागायला लागली. माणसं तेवढीच होती. फक्त आता बढतीचा हिशेब त्या पानांतून जाणार होता.

माझं खरं काम काय होतं, तर एकाच गोष्टीला किती नावं पडतात ते ओळखणं. पेटंटचंच घ्या. आपल्याकडे अर्ज दाखल केला की साधारण १८ महिन्यांनी पेटंट कार्यालय तो आपल्या जर्नलमध्ये प्रसिद्ध करतं. प्रसिद्ध, म्हणजे लोकांना दाखवतं. तपासणी पुढे व्हायची असते, हरकती यायच्या असतात, आणि त्यातून तावून सुलाखून निघाला तर मंजुरी. पण 'प्रसिद्ध' झाल्याचा कागद घेऊन एक डॉक्टरसाहेब हसतमुखाने माझ्याकडे आले, "लिहा, पेटंट मिळालं." सोबत पेढे. मी पेढा खाल्ला आणि 'अर्ज प्रसिद्ध' असं टाइप केलं. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांचा फोन. तुम्हाला काय समजतं त्यातलं? खरंच काही समजत नव्हतं. त्या शोधात काय होतं ते आजही सांगता येणार नाही. पण बुडबुडे आणि हायड्रोजन यांतला फरक कळत होता. ओळ तशीच छापली गेली.

मी स्वतः मात्र एकदा जोरात आपटलो. एका बाईंच्या चिठ्ठीत एफ.आर.एस.सी. असं होतं. मी उलगडून लिहिलं, 'रॉयल सोसायटीच्या फेलो'. अहवाल छापून आला, वाटला गेला, आणि मग कोणीतरी शांतपणे सांगितलं की शेवटचा 'सी' केमिस्ट्रीचा आहे. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री ही रसायनशास्त्रज्ञांची संस्था, तिच्या फेलोशिपसाठी आपण होऊन अर्जही करता येतो. रॉयल सोसायटी वेगळी, तिथे निवडून यावं लागतं. करी रोडच्या पुढचं तिसरं स्टेशन माटुंगा. तिथल्या यूडीसीटीतल्या, म्हणजे रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेतल्या, मनमोहन शर्मा सरांची १९९० मध्ये रॉयल सोसायटीवर निवड झाली, तेव्हा असा मान मिळणारे ते पहिले भारतीय रासायनिक अभियंते होते. म्हणजे मी एका अक्षरात केवढी उडी मारली होती बघा. प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची पट्टी चिकटवत तीन संध्याकाळी बसलो. त्या बाईंची काहीच चूक नव्हती. त्यांनी दिसलं ते लिहिलं होतं, अनुमान माझं.

अलीकडच्या वर्षांत 'स्टॅनफर्डच्या जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड' ही ओळ दर सप्टेंबर-ऑक्टोबरात यायला लागली, फ्लेक्ससकट. ही यादी स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि सहकारी काढतात, एल्सेव्हिअरच्या स्कोपस या माहितीसाठ्यातली उद्धरणं, म्हणजे एकाच्या निबंधाचे इतरांनी दिलेले संदर्भ, मोजून. त्यात याद्या दोन असतात, एक सगळ्या कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षाची. कोणी निवड समिती बसत नाही, कोणी सत्कार करत नाही. त्या यादीत असणं लहान गोष्ट नाही, पण 'निवड' हा शब्द तिथे बसत नाही. मी 'समावेश' लिहायचो. फ्लेक्सवर काय लिहायचं ते माझ्या हातात नव्हतं.

हे वाचून मी सगळ्या प्राध्यापकांना नावं ठेवतो असं वाटेल. तसं नाही. खरं काम करणारा माणूस बहुधा चिठ्ठी उशिरा पाठवतो आणि दीड ओळीची पाठवतो, हा माझा अनुभव. शर्मा सरांच्याच संस्थेत शिकलेले आणि पुढे तिचे कुलगुरू झालेले गणपती यादव कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर त्यांची निवड झाली. इथे 'निवड' हा शब्द अगदी चपखल बसतो. अशी बातमी वाचली की मनातल्या मनात ती टाइप करून बघतो. सवय जात नाही.

पाच ओळींत न मावणारं एक उदाहरण तर मला फार आवडतं. टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) पुण्याचं केंद्र नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवतं, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत अणुरूप हायड्रोजन किती होता, हे तिथल्या संशोधकांना मोजायचं होतं. (हायड्रोजनने माझा पिच्छा सोडलेला नाही.) एकेका दीर्घिकेकडून येणारा संकेत इतका क्षीण की दिसतच नाही. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचले, तेव्हा कुठे तो दिसला. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्या केंद्रातल्या निस्सीम काणेकर यांना मिळाला, पण त्या निबंधावर पहिलं नाव आदित्य चौधरी या त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं आहे. आमच्या प्रकरणाचं शीर्षक 'अध्यापकांचे संशोधन' होतं. विद्यार्थ्यांच्या नावांसाठी वेगळा रकाना पाडा, असं मी दोनदा टिपणीत सुचवलं. दोन्ही टिपण्या फाइलमध्ये आहेत.

२०२१ मध्ये ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर आलेली एक बातमी मात्र वेगळीच लागली. आपली शाळा परळची, म्हणजे टाटा हॉस्पिटलच्या सावलीतली. शाळेत येता-जाता त्या फुटपाथवर पथारी टाकून बसलेले पेशंटचे नातेवाईक आपण सगळ्यांनी पाहिलेत. डब्यातली पोळी त्यांच्यातल्या एखाद्या पोराला दिलेली अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक राहुल पुरवार आणि टाटाचे डॉक्टर यांनी मिळून घडवलेल्या उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ ला पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते तो खुला झाला. कार-टी म्हणतात त्याला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांत नवा जनुक घालायचा, म्हणजे त्या कर्करोगाच्या पेशींवरचं एक विशिष्ट प्रथिन ओळखायला शिकतात. मग त्या वाढवून परत त्याच माणसाला द्यायच्या. रक्ताच्या ठरावीक कर्करोगांसाठी, तेही नेहमीचे उपचार थकल्यावर. परदेशात याला जेवढा खर्च येतो त्याच्या साधारण एक दशांशात इथे होतं, तरी ती रक्कम लाखांतच आहे. त्या फुटपाथवरच्या माणसाला ती कुठून परवडणार, हा प्रश्न उरतोच.

पुढे चाचण्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त आले. ६४ रुग्ण, आणि तपासता आलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांत प्रतिसाद. चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं, 'कॅन्सर ७३ टक्के बरा!' मी खाली लिहिलं की प्रतिसाद म्हणजे गाठी किंवा रोगी पेशी कमी झालेल्या दिसल्या, बरं होणं पुढे कळतं, काही वर्षांनी. ग्रुपवर मला कोणी उत्तर दिलं नाही. एकाने नमस्काराचा इमोजी टाकला.

आता समितीसाठी एक विनंती. तुम्ही पाठवलेल्या कच्च्या प्रतीत 'शाळेची रत्ने' या यादीत माझ्या नावापुढे 'विद्यापीठात संशोधन क्षेत्रात कार्यरत' असं आलं आहे. ते काढून 'विद्यापीठात लिपिक, निवृत्तीच्या वेळी कक्ष अधिकारी' असं करावं. त्याच पानावर १९८६ च्या बॅचच्या एका मुलीपुढे 'पेटंट' आहे. तिला एकदा फोन करून विचारून घ्या, मंजूर झालंय की प्रसिद्ध. छपाईला अजून आठ दिवस आहेत.