दोष सेन्सरचा की तारेचा?

माझी जुनी मोटारसायकल थंड असताना सुरळीत चालत असे. परंतु इंजिन चांगले तापले की ती अचानक बंद पडे आणि थोडा वेळ थांबल्यावर, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू होई. हा पिकअप कॉइलचाच, म्हणजे इंजिनाचे फिरणे ओळखून ठिणगीची वेळ कळवणाऱ्या सेन्सरचाच, दोष असणार, असे गृहीत धरून मी नवी कॉइल विकत घेणार होतो. सुदैवाने त्याआधी मल्टिमीटर हाती घेतला.

बंद गाडीत बॅटरीचा व्होल्टेज १२.६ होता आणि इंजिनाची गती वाढवल्यावर तो १४ च्या आसपास जात होता, म्हणजे चार्जिंग ठीक होते. कॉइलचा रोधही मर्यादेत होता, पण थंड स्थितीतील या मापनावर विसंबता येत नाही. कारण आतली तार कुठे तुटलेली असेल, तर उष्णतेने प्रसरण पावल्यावरच तिची टोके एकमेकांपासून दूर होतात. म्हणून गाडी बंद पडताच, बोटे भाजत असतानाही, मी पुन्हा मोजले. कॉइल निर्दोष निघाली.

मग इग्निशन आणि हेडलाइट चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक व चासी (गाडीचा धातूचा सांगाडा) यांच्यामधला व्होल्टेज पाहिला. तो ०.२ च्या आत असायला हवा होता; मीटरवर ०.९ दिसले, म्हणजे या जोडणीत अडथळा होता. या दोहोंना जोडणाऱ्या अर्थिंगच्या तारेच्या टोकाखाली हिरवट गंज साचला होता. तो घासून काढला, बोल्ट घट्ट आवळला आणि वर ग्रीसचा पातळ थर दिला. त्यानंतर गाडी तापूनही बंद पडलेली नाही.