लग्नातून आलेला पिवळा

रविवार, रात्री उशिरा

पुतण्याचं लग्न छान झालं, जेवण बरं होतं, पाऊस पडला पण इथे स्कॉटलंडात, इन्व्हरनेसला, तो पडतोच, आणि तरी कालपासून डोक्यात एकच प्रश्न फिरतोय. नाच सुरू व्हायच्या आधी एक आजी जवळ आल्या, माझ्या सॅशची (नवऱ्याच्या मॅक्लाउड कुळाच्या टार्टनचा, म्हणजे चौकटींच्या लोकरी कापडाचा, खांद्यावरून घ्यायचा पट्टा) किनार दोन बोटांत धरून लोकर चोळून बघितली, चांगली आहे म्हणाल्या, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "लग्नातून का?" म्हणजे हा टार्टन लग्न करून मिळाला का. मी हो म्हटलं. बस, एवढंच.

वाईट वाटण्यासारखं काय होतं त्यात? खरंच काही नाही. माझं माहेर सांगलीचं, तिथे काय मॅक्लाउडांचा वाडा आहे? पण एवढी वर्षं तो पट्टा खांद्यावर घेतेय, आमच्या लग्नात शपथा झाल्यावर सासूबाईंनी सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने तो मला पिन केला होता (त्या दिवसाबद्दल आज नको), आणि अजून कोणीतरी कापड चाचपून विचारतं की हे तुझ्याकडे कुठून आलं. नवरा सांगलीत फेटा बांधून बसला तर त्याला कोणी विचारत नाही, उलट फोटो काढायला रांग. असो, तोही वेगळा विषय.

नियम तसे मला पाठ आहेत. कायद्याने कोणीही कुठलाही टार्टन घालू शकतं, बालमोरल सोडून, तो राजघराण्याचा, तिथे मात्र परवानगीचा रिवाज आहे. बायकोने नवऱ्याच्या कुळाचा घालावा हे सर्वमान्य. सॅश कशी घ्यायची यावर लॉर्ड लायनची, म्हणजे स्कॉटलंडातल्या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याची, संमती असलेली पद्धत आहे. कुळातल्या बायकांनी उजव्या खांद्यावर, तिथेच ब्रोच. डावा खांदा कुळप्रमुखाच्या किंवा स्कॉटिश पलटणीच्या कर्नलच्या बायकोसाठी. आणि जी मुलगी लग्न करून दुसरीकडे गेली पण माहेरचाच टार्टन घालायचाय, तिने उजव्याच खांद्यावर, पण जरा लांब सॅश घेऊन डाव्या कमरेवर मोठा बो बांधायचा.

म्हणजे काल वन्सं, जन्माने मॅक्लाउड, कमरेला हा एवढा बो बांधून फिरत होत्या की बघा, मी या घरातून गेलेली आहे. आणि मी, आलेली, बिनबोची, घरची. हे काल तिथेच लक्षात आलं आणि हसूही आलं नाही नीट, कारण मग माझा सांगलीचा बो कुठे बांधायचा? माझा भाऊ आमच्या लग्नात ब्लॅक वॉच नावाच्या टार्टनचा भाड्याचा किल्ट घालून आला होता, तो कुणालाही चालतो म्हणून. त्याचं बरं होतं, कुणाचंच नसलं की कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे याच लोकांत पूर्वी बायका लग्नानंतरही माहेरचं आडनाव ठेवायच्या. आजेसासूबाईंच्या थडग्यावर त्यांचं माहेरचंच नाव कोरलंय, नवऱ्याच्या नावाखाली. आणि आमच्याकडे आत्या अजून मला पत्रावर जे नाव लिहिते ते मी कधी घेतलंच नाही. जाऊ दे.

झोप येईना म्हणून मघाशी पुन्हा वाचत बसले. हा आमचा हळदी पिवळा, काळ्या चौकटींचा आणि बारीक लाल रेघेचा, ज्याला इथे लोक 'लाउड मॅक्लाउड' म्हणून चिडवतात, तो आला कुठून? 1842 साली छापलेल्या टार्टनच्या एका पुस्तकातून, जे दोन भावांनी काढलं. आपण प्रिन्स चार्लीचे, म्हणजे अठराव्या शतकात गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट राजपुत्राचे, नातू आहोत असं ते सांगायचे, खरं आडनाव अ‍ॅलन, आणि ज्या जुन्या हस्तलिखितावरून हे घेतलं म्हणायचे ते बनावट निघालं. पुस्तकाच्या वीस वर्षं आधी, 1822 ला, राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्यांना टार्टनमध्ये यायला लावलं आणि आपला टार्टन कुठला याची एकच धावपळ उडाली. त्याआधी तर 1746 च्या कायद्याने पुरुषांना हा पोशाखच बंद होता, 1782 पर्यंत. म्हणजे ज्या कापडावरून आजींनी मला हटकलं ते स्वतःच लग्नातून आल्यासारखं, कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावर टाकलेलं. त्या दोन भावांना विचारायला हवं होतं गोड आवाजात.

हे वन्संना फोनवर सांगितलं तर त्या खो खो हसत सुटल्या. म्हणाल्या, बो मला आवडतो गं, कंबर बारीक दिसते. मग विचारायला लागल्या की डिसेंबरात नाशिकच्या लग्नाला पैठणी नेसायची तर पदर कुठल्या खांद्यावर. मी म्हटलं डाव्या. दोन क्षण गप्प, मग म्हणाल्या, म्हणजे तुम्ही सगळ्याच कुळप्रमुखाच्या बायका?

हो म्हटलं, सगळ्याच. ब्लाउजचं माप पाठवा.