दोन धैवत, चार तारा

इंदूर, रविवार रात्र

आज अख्खी दुपार युकुलेलेवर (चार तारांचं, गिटारसारखं छोटं वाद्य) जॅझमधल्या मायनर बिबॉप स्केलमधून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, काढण्यात गेली. शेजारी काकू शेंगा सोलत बसलेली, त्यामुळे जॅझचा हिशेब शेवटी तिच्या भाषेत मांडावा लागला. बरंच झालं.

स्केल अशी: ए, बी, सी, डी, ई, एफ, एफ शार्प, जी शार्प. 'ए'ला सा धरला तर कोमल गंधार, बाकी सगळं शुद्ध, आणि मध्ये दोन्ही धैवत पाठोपाठ. मी सावकाश वाजवत होते तोवर काकू पटदीप रागाच्या वाटेने गुणगुणत आली आणि कोमल धैवताशी थबकली. "अगं, हा किरवाणीचा धैवत इथं कुठून आला? आणि दोन धैवत असे खेटून घेतात का कुणी?"

घेत नाहीत, सहसा. पण इथे तो आठवा स्वर रंगासाठी नाही, हिशेबासाठी आहे. चार मात्रांत दुगुणीत सात स्वर घेतले, की सा अर्धी मात्रा आधीच येऊन पडतो. एक स्वर वाढवला की बरोबर समेवर. शिवाय पूर्ण मात्रेवर ए, सी, ई, एफ शार्प येतात आणि मधल्या अर्ध्या मात्रांवर बी, डी, एफ, जी शार्प. पहिले चार म्हणजे ए मायनर सिक्स्थ ही कॉर्ड. दुसरे चार म्हणजे डिमिनिश्ड सेव्हन्थ ही दुसरी. हे ऐकल्यावर काकू शेंगा बाजूला सारून मांडीवर ताल धरू लागली आणि "हं, मग ठीक" म्हणाली. सम सापडली की तिचं भांडण मिटतं.

डेट्रॉईटचे पियानोवादक बॅरी हॅरिस ही स्केल 'मायनर सिक्स्थ डिमिनिश्ड' म्हणून शिकवत. त्यांचा जन्म १९२९चा. आपल्या इंदुरात लताबाई जन्मल्या तेही १९२९च. हॅरिस गेले डिसेंबर २०२१मध्ये, लताबाई फेब्रुवारी २०२२मध्ये. याचा स्केलशी काही संबंध नाही, उगाच लिहून ठेवते.

खरी मजा युकुलेलेवर आहे. तारा चार, कॉर्डचे स्वरही चार. गिटारवर कुठला स्वर दोनदा घ्यायचा, कुठली तार सोडायची हा घोळ असतो, तो इथे नाहीच. जी, सी, ई, ए अशा तारा लावल्या, जीची तार वरच्या सुरात, की पहिली कॉर्ड १२१२ (त्याच क्रमाने एकेका तारेवर कितवा फ्रेट, म्हणजे पडदा, दाबायचा तो आकडा; ० म्हणजे मोकळी तार): हा डिमिनिश्ड. मग २४२३, ए मायनर सिक्स्थ. मग ४५४५, ५६५७, ७८७८, ९९८९. एकाआड एक: डिमिनिश्ड ती बाहेरची, मायनर सिक्स्थ ती घरची, पुन्हा बाहेरची, घरची. डिमिनिश्डचा आकार दर तीन फ्रेटनी तोच राहतो, फक्त स्वर जागा बदलतात. आणि नुसत्या जीच्या तारेवर कान ठेवला तर काय ऐकू येतं? जी शार्प, ए, बी, सी, डी, ई. म्हणजे तीच स्केल. सीच्या तारेवर डीपासून तीच, ईच्या तारेवर एफपासून, एच्या तारेवर बीपासून. चार गळे एकच सरगम वेगवेगळ्या स्वरापासून म्हणताहेत. हे कागदावर कळलं होतं, पण बोटांना कळलं ते आज. ९९८९ मात्र माझ्या छोट्या सोप्रानो युकुलेलेवर छळते. तिथे फ्रेट इतके जवळ की बोटं एकमेकांना ढकलतात.

काकूने मग गायक अमीर खाँसाहेबांचा मेरुखंड, म्हणजे स्वरांचे सगळे क्रम आलटूनपालटून घेण्याची रीत, काढला. इंदूरच्या माणसाशी संगीतावर बोला, खाँसाहेब येतातच. चार स्वरांचे चोवीस क्रम होतात, तर ही एक कॉर्ड धरून त्या चोवीस क्रमांनी तारा छेड, म्हणाली. सल्ला चांगलाय. डावा हात जागचा हलवायचा नाही, उजव्यानेच सगळं. मात्र सलग ऐकायला ते जरा कोरडं वाटतं, मी थोडं वाजवून सोडलं. खाँसाहेबांकडे त्याला विलंबित लय होती, आवाज होता. नायलॉनच्या तारेतून मींड ती काय निघणार!

संध्याकाळी आणखी एक गंमत हाती लागली. ए मायनर सिक्स्थचे चार स्वर म्हणजेच एफ शार्पची हाफ डिमिनिश्ड कॉर्ड. तेव्हा २४२३ला ई मायनरच्या वाटेवरचा पहिला थांबा मानायचं. पुढे बी सेव्हन्थ, २३२२: आडवं बोट दुसऱ्या फ्रेटवर तसंच, फक्त सीच्या आणि एच्या तारेवरची बोटं एकेक फ्रेट खाली उतरतात. मग ०१०२, ई मायनर सिक्स्थ. काकूला हे तीन फार आवडले. फक्त तिसऱ्या कॉर्डवर सम ठेव म्हणाली, नाहीतर टाळी कुठे द्यायची ते कळत नाही. मी दोन-दोन मात्रा पहिल्या दोघांना दिल्या आणि तिसरीला अख्ख्या चार.