सोलापुरात लोच पाळताना: पाच झेब्रांची वाट

एकाच जातीचे पाच-सहा लोच (घरच्या टाकीत पाळायचे, तळाशी राहणारे मिशावाले मासे) एकाच वेळी द्या, एवढीच माझी माशांच्या दुकानदाराकडे मागणी होती. ती पुरी व्हायला उन्हाळा सरून पाऊस लागला. त्या दुकानावरून जाताना मला आजही चीड येते.

टाकी चार फुटी, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण अडीचशे लिटरची. तळाला चाळून, धुऊन घेतलेली बारीक वाळू. टोकदार खडी लोचच्या टाकीत नकोच. हे मासे सगळा दिवस तोंड वाळूत खुपसून फिरतात, खडीने त्यांच्या मिशा झिजतात. टाकी लावणं, पाणी मुरवणं, योयो लोचचा सहा जणांचा गट आणणं, यात काहीच अडलं नाही. ठरवलं होतं की योयोंच्या जोडीला झेब्रा लोचचा गट ठेवायचा. अडलं ते इथे.

लोच एकटा ठेवायचा मासा नाही. त्यांच्यात पायरी असते: थोरला कोण, धाकटा कोण. ती ठरवण्यासाठी ते एकमेकांना ढोसतात, बाजूला बाजू लावून गोल फिरतात. तेव्हा योयोच्या अंगावरची नक्षी पुसट होते आणि मासा करडा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं आजारी पडला, पण थोड्या वेळाने रंग परत येतो. गट भरलेला असला की ही ढोसाढोसी सगळ्यांत वाटली जाते. पण सहा योयोंत एकच झेब्रा सोडला तर तो सगळ्यांचा धाकटा होतो. झेब्रा वाढून जेमतेम 8 सेंटिमीटर, योयो 12 ते 15. तो कोपऱ्यात दडून राहणार, उपाशी राहणार आणि खंगणार. म्हणून दोन जाती एकत्र ठेवायच्या असतील तर दोन्हींचे गट पूर्ण हवेत. यात मला तडजोड करायची नव्हती.

दुकानदाराचं उत्तर कायम एकच: "ताई, सगळे लोचच की ओ. दोन झेब्रा घ्या, तीन योयो घ्या, झाले पाच." मी म्हणायची, नको, पाच झेब्रा द्या. "गुरुवारी माल येतोय." गुरुवारी गेलं की लॉट आलेला नसायचा. कधी यायचा तर झेब्रा दोनच, तेही योयो आणि डारिओ (लोचचीच आणखी एक जात) एका पिशवीत मिसळून. एकदा झेब्रा म्हणून दाखवले ते निव्वळ डारिओची पिल्लं होती. दोन्हींना पट्टे असतात, पण डारिओचे पट्टे रुंद आणि मोजता येतील इतके थोडे. झेब्राचे बारीक आणि दाट. डारिओ 15 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि स्वभावाने तापट असतो. तो झेब्रा समजून घरी आणला तर पुढचं सगळं गणित बिघडतं. मी पट्टे दाखवून सांगितलं तर म्हणाला, "मोठे झाल्यावर सारखेच दिसतात." नाही दिसत. पिशवी उजेडात धरून पट्टे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग मी आगाऊ पैसे दिले, तर पुढच्या मालातले चार झेब्रा त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकून टाकले. "तुम्ही आला नाहीत ना ताई." सांगितलेल्या दिवशी मी गेले होते, दुकान बंद होतं. पैसे परत मागितले तर त्याऐवजी क्लाउन लोच देऊ केला. क्लाउन सुमात्रा-बोर्निओचा, देखणा, पण 30 सेंटिमीटरपर्यंत जातो; चार फुटी टाकीत त्याला आयुष्यभर कोंडणं मला पटत नाही. मी पैसेच घेतले.

माझी चीड फक्त वेळ गेल्याची नाही. झेब्रा लोच आपल्या पश्चिम घाटातला. 1920 साली नारायण राव यांनी तुंगा नदीतल्या माशांवरून त्याची शास्त्रीय नोंद केली. तुंगेचं पाणी शेवटी कृष्णेला मिळतं, आणि आपली भीमाही कृष्णेलाच. आज तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे. असा मासा दोन-दोन करून, हेळसांड करत, "लोचच की ओ" म्हणत विकायचा? निदान विकणाऱ्याला तो ओळखता तरी यावा.

शेवटी मार्ग निघाला तो दुकानदाराला बाजूला ठेवून. होटगी रोडकडे राहणारे एक काका मासे पाळतात, त्यांनाही झेब्राच हवे होते. आम्ही दोघांनी मिळून पुण्याच्या एका माणसाकडून अख्खी पिशवीच मागवली आणि उघडण्याआधी फोटो मागितले. पार्सल आलं तेव्हा एकही मासा दगावलेला नव्हता. माझ्या वाट्याला सहा आले. तुम्हालाही हेच सांगेन: दोन-तीन जणांनी मिळून मागवा, म्हणजे गट पूर्ण मिळतो आणि भाव करताना तुमचं ऐकलंही जातं.

आणल्या आणल्या मोठ्या टाकीत सोडू नका. मी तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवले. लोचच्या अंगावर खवले अगदी बारीक असतात, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लगेच होतो आणि तांबं किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधं त्यांना सोसत नाहीत. औषध द्यायचंच तर अर्ध्या मात्रेने, तापमान हळूहळू 30 अंशांपर्यंत नेऊन आणि हवेचा पंप जोरात ठेवून.

पाण्याचं सांगायचं राहिलं. सोलापुरात नळ चार-पाच दिवसांनी येतो, तेव्हा टाकीतलं पाणी बदलायचा दिवस तुम्ही नाही, नळ ठरवतो. मी माशांसाठी वेगळं पिंप ठेवलंय. नळ आला की आधी ते भरते, अँटी-क्लोरीन घालते आणि दुसऱ्या दिवशी वापरते. क्लोरीनचा वास असलेलं पाणी थेट टाकीत घालू नका. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. योयोंनी ते सोसलं, पण झेब्रांसाठी मी त्यात नळाचं पाणी मिसळते.

एप्रिल-मेमध्ये बाहेर 42-43 अंश असताना टाकीचं पाणी 32 च्या वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि तळाशी राहणाऱ्या माशांना त्याची झळ आधी लागते. झाकणाऐवजी जाळी लावून पाण्यावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. उडालेलं पाणी रोज भरावं लागतं. वीज जाते म्हणून बॅटरीवरचा पंप घरात हवाच. याच कारणासाठी डोंगरी ओढ्यातले, दगडाला चिकटून राहणारे लोच सोलापुरात आणू नका. त्यांना थंड, वाहतं पाणी लागतं.

स्कंक लोचही या मेळात नको, तो दुसऱ्यांना सुखाने खाऊ देत नाही. कुहली लोच गरीब असतो, त्याला मी वेगळ्या लहान टाकीत ठेवलंय, कारण योयोंपुढे त्याला दाणा मिळत नाही.

जाती दोन असल्या की लपायच्या जागा माशांच्या संख्येहून जास्त हव्यात. मी पीव्हीसी पाइपचे तुकडे, नारळाच्या करवंट्या आणि लाकडाचे ओंडके टाकलेत. बुडणारं खाद्य दिवे घालवल्यावर, टाकीच्या दोन्ही टोकांना टाका, म्हणजे योयो एका बाजूला जमले तरी झेब्रांना दुसरीकडे खाता येतं. झाडांबरोबर आलेल्या गोगलगायी माझ्या योयोंनी कधीच संपवल्या. लोच आडवा पडून निपचित झोपतो, मेला समजून बाहेर काढू नका.

आणि पकडताना जाळं वापरू नका. डोळ्याखाली त्यांना काटा असतो, घाबरले की तो उभा राहतो आणि जाळ्यात अडकतो. सोडवताना मासाही जखमी होतो आणि आपलं बोटही. पारदर्शक प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरा आणि हाताने हळूच त्यात वळवा.