घरशाळेचा पहिला दिवस

आज लेकीची घरशाळा सुरू झाली. दुसरीचं वेळापत्रक मी रात्री जागून स्केचपेनांनी रंगवलेलं. सव्वानऊला बाई (म्हणजे मी) हजर, विद्यार्थिनी मात्र पलंगाखाली मांजरासोबत!

गणिताला सासूबाई मदतीला आल्या. पावटे मोजून झाल्यावर लेक म्हणाली, "सत्तर दोन." "बाहत्तर म्हण गं!" बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात आणलेली ही पद्धत त्यांना अजून पचलेली नाही. दोघींची अशी जुंपली की तेवढ्यात मांजराने मूठभर पावटे सोफ्याखाली लोटले. पुन्हा मोजणी. वजाबाकी आपोआप झाली, असं नवऱ्याला सांगितलंय.

मराठीचा तास राहिलाच. "आई, मधली सुट्टी कधी?" तोवर चार झाल्या होत्या.