"चॅनल सोडा!" : वॉकीटॉकी घेण्याआधी हे वाचा

जून उजाडला की माझ्या फोनवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "ताई, ट्रेकसाठी वॉकीटॉकी घ्यायचेत, हा सेट कसा आहे?" सोबत ऑनलाइन दुकानाची लिंक. काळा सेट, लांब अँटेना, पाच वॅट, किंमत खिशाला परवडणारी आणि वर्णनात ठळक अक्षरांत "लायसन्सची गरज नाही". या वर्षी प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. हेच सेट मीही घेतले होते, आणि त्यानंतर जे झालं ते मला अजून विसरता आलेलं नाही.

आमचा ग्रुप पुण्याचा. एका ट्रेकला पस्तीस-चाळीस माणसं असतात. पुढे लीड, मध्ये दोघं, सगळ्यांत मागे स्वीप. धुक्यात पुढचा गट थांबला आणि मागच्याला कळलंच नाही, असं एकदा झाल्यावर आम्ही वर्गणी काढून सहा सेट मागवले. एका व्हिडिओत बघून त्यांत एक फ्रिक्वेन्सी भरली. ती कोणाची आहे, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. सेट आपला, बॅटरी आपली, मग हवा कोणाची असणार?

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निघालो. वाटेत सेट तसे यथातथाच चालले. डोंगराची एक सोंड आडवी आली की स्वीपचा आवाज गायब. पण गडाच्या तारामती शिखरावर पोचलेल्या चौघांचं आणि खाली देवळाजवळ थांबलेल्यांचं बोलणं अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं चाललं होतं. विषय होता रात्रीच्या जेवणाचा. पिठलं किती माणसांचं, भाकऱ्या किती. मधेच कोणीतरी बटण सोडलं आणि एक परका आवाज आला, "खाली... अजून खाली, सावकाश... थांबव!" आम्ही एकमेकांकडे बघेपर्यंत खालच्या मित्राने पुन्हा बटण दाबलं, "भाकऱ्या साठ सांगू का सत्तर?" त्याचं बोलणं संपलं आणि तोच माणूस ओरडला, "कोण बोलतंय मध्ये? इथे क्रेनला लोड लटकलाय. चॅनल सोडा!"

आम्ही सहाही सेट बंद केले. उतरताना कोणी फारसं बोललं नाही. त्या क्रेनखाली कोण उभं होतं आणि आमच्या भाकऱ्यांच्या हिशेबात त्याचं "थांबव" किती वेळा बुडालं असेल, हाच विचार माझ्या डोक्यात फिरत होता.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त इंजिनिअर काका राहतात. गच्चीवर त्यांची मोठी अँटेना आहे आणि पावसाळ्यात तिच्यावरून दर वर्षी सभेत चर्चा होते. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला वाटतं दोन आवाज एकमेकांत मिसळतील, गोंधळ होईल आणि कळेल. एफएममध्ये तसं होत नाही. ज्याचा सिग्नल जोरदार तो तेवढा ऐकू येतो, दुसरा पुसला जातो. क्रेनवाल्याला तुमच्या भाकऱ्या स्वच्छ ऐकू आल्या असतील. खालच्या माणसाचं 'थांबव' त्याच्या कानापर्यंत पोचलंच नसेल."

दुसरी गोष्ट उंचीची. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. म्हणून पायथ्याशी एक सोंडही ओलांडता येत नाही आणि चौदाशे मीटरच्या वर उभं राहिलं की तोच सेट कित्येक किलोमीटर लांब ऐकू जातो. गडावर नजर जिथपर्यंत जाते, तिथपर्यंत आपली बडबडही जाते. ट्रेकर माणूस नेमका सगळ्यात उंच जागी उभा राहून सेटचं बटण दाबतो, हे काका बोलेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता कायद्याचं. बांधकामवाले, कारखाने, सिक्युरिटीवाले केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परवाना घेतात, त्यांना ठरावीक फ्रिक्वेन्सी नेमून दिली जाते आणि तिचे ते पैसे भरतात. दूरसंचार विभागात हे काम बघणाऱ्या शाखेला डब्ल्यूपीसी म्हणतात. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून आपल्याकडे असा सेट परवान्याशिवाय नुसता जवळ बाळगणंही गुन्हा ठरत आलं आहे. "मी कुठे बोललो, बॅगेतच होता" हे उत्तर चालत नाही.

सूट आहे, पण ती अरुंद पट्ट्यांपुरती. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीचे वॉकीटॉकी परवान्याशिवाय वापरता येतात. त्याआधीपासून २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँडही पाच वॅटपर्यंत खुला आहे. मात्र त्या सेटला सरकारची टाइप अप्रूव्हल, म्हणजे ईटीए, असावी लागते. "मग मी माझा पाच वॅटचा सेट प्रोग्राम करून ४४६ वर आणतो" असं मला दर वर्षी कोणीतरी म्हणतंच. नाही चालत. सूट त्या पट्ट्यासाठी ठरवलेल्या शक्तीत बसणाऱ्या, मान्यता मिळालेल्या सेटला आहे. १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही फिरवता येणारा सेट त्यात बसत नाही. त्याच फिरवाफिरवीत १५६.८ आहे, समुद्रातल्या बोटींचा मदत मागण्याचा चॅनल १६. दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर मुलांच्या हातात खेळायला असे सेट दिलेले मी पाहिलेत. पाहून पोटात गोळा येतो.

२०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो का, ईटीए आहे का, हे आता विकणाऱ्याने सांगायला हवं. तरी वर्णन स्वतः वाचा. फ्रिक्वेन्सी लिहिलेली नसेल तर घेऊ नका.

काकांकडे जाता जाता मी त्यांच्या खोलीत रमायला लागले. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, त्या खोलीला शॅक म्हणतात. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती, तीही येऊन बसायची. हॅमचा परवाना वेगळा, एएसओसीची, म्हणजे हौशी रेडिओ केंद्र चालवण्याच्या प्रमाणपत्राची, परीक्षा देऊन मिळणारा. वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते हे ऐकल्यावर तिने मला विचारलंसुद्धा नाही, सरळ सांगितलं, "आई, आपण दोघी बसतोय."

अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर भरला. परीक्षेचे दोन प्रकार आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलला मोर्स, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांची लिपी, लागतं, मिनिटाला आठ शब्द. आम्ही रिस्ट्रिक्टेड दिली. पेपरचे दोन भाग असतात, एक रेडिओचं तंत्र आणि दुसरा नियम. प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के मिळवावे लागतात. बारावीनंतर ओहमच्या नियमाला मी हात लावला नव्हता. रात्री जेवणं आटोपली की ओट्याशेजारीच वही उघडायची. कपॅसिटरचं गणित मुलगी मला शिकवायची आणि नियम मी तिच्याकडून म्हणून घ्यायचे. कॉल साइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेलं रेडिओवरचं आपलं नाव, सांगायची, लॉग, म्हणजे बोलण्याची नोंदवही, ठेवायचा, गाणी लावायची नाहीत, धंद्याचं बोलायचं नाही, संकटातल्याचा संदेश आधी. वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की यातला निम्मा भाग बोलण्याआधी ऐकायला शिकवतो. फ्रिक्वेन्सीवर आलं की थांबायचं, कान द्यायचा, वापरात आहे का ते विचारायचं आणि मगच बटण दाबायचं. तारामतीवर आम्हाला एवढंच माहीत असतं तर पुरलं असतं.

मुलीला सगळ्यात आवडलेली गोष्ट भारती प्रसाद यांची. डिसेंबर २००४ मध्ये त्या हॅम मोहिमेसाठी अंदमानला गेल्या होत्या. सुनामी आली, बाकी संपर्क तुटला आणि पोर्ट ब्लेअरमधून त्यांच्या रेडिओवरून माणसांची खुशाली मुख्य भूमीपर्यंत पोचू लागली. आपल्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतरही हॅम मंडळी सेट घेऊन गेली होती. काका त्या दिवसांबद्दल बोलतात, पण थोडंच, आणि आम्ही खोदून विचारत नाही.

पास झालो. परवाना वीस वर्षांचा घेता येतो किंवा आयुष्यभराचा. आम्ही आयुष्यभराचा घेतला. कॉल साइन व्हीयू३ ने सुरू होते. ती इथे लिहीत नाही, पण ते पत्र आमच्या घरात देवघराशेजारी फ्रेम करून लावलंय.

एक गैरसमज मात्र दूर करते, कारण तो माझाही होता. मला वाटलं होतं, मला परवाना मिळाला की ग्रुपचा प्रश्न सुटला. तसं नाही. हॅम परवाना माणसाचा असतो, ग्रुपचा नाही. समोर बोलणाऱ्याकडेही परवाना लागतो. लीडकडे आहे आणि स्वीपकडे नाही तर स्वीपने हॅमच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं नाही. पैसे घेऊन ट्रेक नेत असाल तर त्या कामासाठी हॅम बँड मुळीच वापरायचा नाही. ट्रेकसाठी सरळ ४४६ चे मान्यताप्राप्त सेट घ्या. पल्ला कमी आहे हे खरं. आम्ही त्यावर उपाय म्हणून मधल्या माणसांची जागा बदलली. सोंड आली की एकजण तिच्या धारेवर थांबतो, दोन्हीकडचं ऐकतो, निरोप पुढे देतो आणि स्वीप दिसला की हलतो. जुने सहा सेट आमच्या हातून गेले, पुन्हा कोणाच्या हाती पडणार नाहीत अशा रीतीने.

मुलगी आता जनरलची तयारी करतेय. ताटावर चमच्याने डा-डी-डा-डी, डा-डा-डी-डा वाजवते. सीक्यू, म्हणजे कोणी आहे का? परवा संध्याकाळी पाऊस थांबल्यावर गच्चीवर सेट घेऊन बसलो. तिने आधी दोन मिनिटं नुसतं ऐकलं. मग फ्रिक्वेन्सी वापरात आहे का म्हणून विचारलं. पुन्हा थांबली. मग स्वतःची कॉल साइन एकेक अक्षर सुटं करून सांगितली. थोडी खरखर झाली आणि एका म्हाताऱ्या माणसाने तिची कॉल साइन जशीच्या तशी परत म्हटली, "फाइव्ह नाइन, बेटा, आवाज खणखणीत येतोय." तिने मांडीवरची वही पुढे ओढली आणि आधी वेळ लिहिली.