कडक बघून द्या

वांगी घ्यायला गेलं की भाजीवाला आधी विचारतो, "कशाला पाहिजेत?" भरल्या वांग्यांना छोटी काटेरी, भरताला मोठी, नुसता रस्सा असेल तर तो स्वतःच हिरवी पुढे सरकवतो. जळगावकडचा माणूस भरतासाठी आपल्या भागातलं फिकट हिरवं वांगंच मागतो, आणि त्या वांग्याला २०१६ सालापासून भौगोलिक मानांकन आहे हे ऐकवल्याशिवाय पानात भरीत वाढत नाही. तांदूळ घेताना इंद्रायणी, आंबेमोहोर, कोलम अशी चौकशी होते. आंब्याच्या बाबतीत तर देवगड की रत्नागिरी यावरून सख्ख्या भावांत अबोला धरलेला मी पाहिला आहे. टोमॅटोची पाळी आली की मात्र सगळी चिकित्सा संपते. पुणं असो, नाशिक असो, किंवा विदर्भात त्याला भेदरं म्हणणारं घर असो, मागणी ठरलेली: "अर्धा किलो द्या. कडक बघून."

मी एकदा भाजीवाल्याला विचारलं होतं, "हा कुठल्या जातीचा?" त्याने टोमॅटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लाल."

उत्तर चुकीचं नव्हतं. हातगाडीवर जो लाल आहे तोच मंडईत आहे, तोच मॉलच्या थंडगार दुकानात पाण्याचे तुषार अंगावर घेत बसला आहे. घरपोच भाजी देणाऱ्या ॲपवर दोन चित्रं दिसतात, एकाखाली 'लोकल' आणि दुसऱ्याखाली 'हायब्रीड'. पण 'लोकल' हेदेखील बहुतेक वेळा संकरित बियाणंच असतं, फक्त आकाराने जरा चपटं आणि सालीने जरा पातळ. त्यापलीकडे प्लास्टिकच्या डबीत चेरी टोमॅटो. त्याची किंमत बघून तो खाण्यासाठी आहे की सजावटीसाठी, असा प्रश्न पडतो. यात निवड करायची म्हणजे लंबगोल हवा की गोल, एवढंच उरतं.

गंमत अशी की टोमॅटोला नावं नाहीत, असं मुळीच नाही. शेतकऱ्याला ती पाठ असतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत टोमॅटो लावलेल्या कुणालाही विचारा, वैशाली, रूपाली, रश्मी अशी नावं तो शाळेतली हजेरी घ्यावी तशी सांगेल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने धनश्री, भाग्यश्री, फुले राजा दिले. बंगळूरुच्या फलोत्पादन संस्थेचा अर्का रक्षक आला. त्याचं नावच सांगतं की त्याचा मुख्य गुण चव नव्हे, रोगांपासून रक्षण हा आहे. आता कंपन्यांच्या पुष्कळशा वाणांना नावांऐवजी आकडे असतात आणि शेतकरी ते आकडेही तोंडपाठ म्हणतात. रोपवाटिकेत कोकोपीटच्या ट्रेमधलं एकेक रोप आपलं नाव घेऊन शेतात जातं. मांडवावर चढेपर्यंत, पहिला तोडा होईपर्यंत ते नाव टिकतं. बाजार समितीत व्यापारीही एखाद्या वेळी विचारतो, माल कोणता आहे. तिथून गाडी भरली की नाव गळतं. आपल्यापर्यंत पोचतो तो नुसता लाल.

हे का होतं ते कळायला उन्हाळ्यात नारायणगावच्या बाजारात किंवा पावसाळा सरल्यावर पिंपळगाव बसवंतला उभं राहावं. शेतकरी ज्याला 'कॅरेट' म्हणतात ते वीस किलोचे प्लास्टिकचे क्रेट माणसाच्या उंचीच्या वर रचलेले असतात. खालच्या थरातल्या टोमॅटोच्या डोक्यावर किती वजन असेल त्याचा हिशोब करून पाहा. तो ट्रक मग हजाराहून जास्त किलोमीटर दिल्लीकडे जाणार, वाटेत ऊन, खड्डे, टोलनाके. या प्रवासात पातळ सालीचा, रसाळ, गोड-आंबट टोमॅटो इंदूरपर्यंतसुद्धा टोमॅटो म्हणून राहणार नाही. म्हणून साल जाड हवी, गर घट्ट हवा, आणि टोकाला जेमतेम गुलाबी छटा आली की तोडा झालेला हवा. उरलेला रंग तो वाटेत धरतो. रंग धरतो, चव धरायला मात्र त्याला वेल लागतो.

यात शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. टोमॅटो लावणं म्हणजे मल्चिंग पेपर, ठिबक, बांबू, तार, सुतळी, बांधणीची मजुरी आणि फवारण्या, एवढा सगळा खर्च पहिलं फळ दिसायच्या आधी. त्यात करपा येतो, पर्णगुच्छ येतो, टूटा नावाची नागअळी येते. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदी चालू असतानाच, अकोले, संगमनेर, जुन्नर भागात टोमॅटो धड पिकेचनात. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे. लोकांनी त्या रोगाचं नाव 'तिरंगा' ठेवलं. आधीच करोनाचे दिवस, त्यामुळे तो टोमॅटो खाल्ला तर माणसाला काहीतरी होतं अशीही आवई उठली. वनस्पतीच्या विषाणूचा माणसाला काही उपद्रव नसतो, पण अफवेला कुठे शेतीशास्त्र कळतं. असं एक वर्ष ज्याने पाहिलं तो पुढच्या हंगामात दुकानदाराला चव कशी आहे हे विचारणार नाही. तो विचारणार, विषाणूला टिकेल का. आणि टिकणारं बियाणं येतं ते दक्षिण अमेरिकेतल्या रानटी टोमॅटोंच्या गुणांची भर घालून. संकरित असल्यामुळे दर हंगामाला नवं विकत घ्यावं लागतं. घरचं बी धरलं तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, एका झाडाचं फळ दुसऱ्यासारखं येत नाही.

शिवाय पैसे वजनाचे मिळतात. फळ मोठं आलं पाहिजे, झाडाला भरपूर लागलं पाहिजे. पण झाड करून करून किती साखर करणार? फळाचा आकार वाढला की तीच साखर पाण्यात पसरते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी इतरांबरोबर सुमारे ४०० प्रकारचे टोमॅटो तपासून २०१७ मध्ये हेच मांडलं: नव्या व्यापारी वाणांमध्ये चवीला आणि वासाला कारण असलेली बरीचशी द्रव्यं कमी झाली आहेत. ती कुणी मुद्दाम काढली नाहीत. त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या गळत गेली.

मला सगळ्यात चटका लावून गेली ती हिरव्या खांद्याची हकिकत. गावठी टोमॅटो आठवून पाहा. देठापाशी त्याला गडद हिरवा वर्तुळाकार पट्टा असायचा, आणि पिकल्यावरही तिथे जरा पिवळट राहायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा अजून कच्चा आहे. व्यापाऱ्याला वाटायचं, सगळा माल एका वेळी एकसारखा रंगला तर किती बरं. म्हणून वनस्पती पैदासकारांनी कितीतरी दशकं असे टोमॅटो निवडले, जे आधी सगळीकडून सारखे फिके हिरवे आणि मग सगळीकडून सारखे लाल होतात. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं की या निवडीत एक जनुक निकामी झालं होतं, आणि ते जनुक फळातल्या हरितद्रव्याचं काम बघत होतं. तो हिरवा खांदा म्हणजे फळाने स्वतःपुरती थाटलेली साखरेची छोटी भट्टी होती. दिसायला बरं नाही म्हणून आपण ती विझवली. आजही एखाद्या आठवडी बाजारात कुणी आजी गोणपाटावर हिरव्या खांद्याचे, वेडेवाकडे, भेगाळलेले टोमॅटो घेऊन बसलेली असते आणि माणसं ते उलटसुलट करून परत ठेवतात.

आंबटपणाचंही असंच. टोमॅटोचा आंबटपणा आणि तो खास रुचकरपणा मुख्यतः बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात असतो, भिंतीच्या मांसल भागात कमी. लंबगोल कडक टोमॅटो चिरून पाहा, भिंतीच भिंती, आणि मधे दोन-तीन कप्प्यांत ओलावा नावापुरता. सँडविचवाल्याला तो देवासारखा, कारण पाव भिजत नाही. सार करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? मी घरी सार करतो. नारळाचं दूध, तुपाची जिऱ्याची फोडणी, चवीला गूळ, सगळं बेतशीर असतं आणि तरी पहिल्या घोटाला लक्षात येतं की गुलाबी रंगाचं नारळाचं दूध पितो आहोत.

पण एवढं सगळं बाजारावर आणि ट्रकवर ढकलून मी मोकळा होणार नाही. वांग्याचे प्रकार टिकले, कारण भरीत आणि भरलं वांगं या दोघांना वेगवेगळं वांगं लागतं, आणि ते नाही मिळालं तर घरातली माणसं कुरकुरतात. इटलीत सान मारझानो टोमॅटोच्या नावाला १९९६ पासून कायद्याचं संरक्षण आहे, ते त्यांच्या सॉसला तोच लागतो म्हणून. आपल्याकडे टोमॅटो हक्काने मुख्य जागी बसला कधी? तो कांद्याबरोबर परतायचा, ग्रेव्हीत विरघळायचा, कोशिंबिरीत दाण्याच्या कुटाखाली झाकला जायचा. पावभाजीत तर त्याच्यावर बटाटा, लोणी आणि मसाला यांचं राज्य. ज्याने काम फक्त लाल आणि थोडं आंबट असण्याचं करायचं, त्याच्या जातीची चौकशी कोण करणार?

तसा तो उशिरा आलेला पाहुणा. पण उशीर हे कारणही पुरेसं नाही. साबुदाण्याची खिचडी बघा. साबुदाणा ज्या कंदाचा तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथलाच, हिरवी मिरचीही अमेरिकेकडूनच आलेली. एवढा सगळा परदेशी कारभार एकादशीला पवित्र ठरला, आणि त्यांच्याच गावचा टोमॅटो अजून उपासाला चालत नाही. माझ्या आजीने तर तो कित्येक वर्षं घरातच घेतला नाही. कापल्यावर मांसासारखा दिसतो म्हणायची. पुढे नातवंडांच्या हट्टापायी आला, पण देवाच्या नैवेद्याच्या भाजीत आजीने शेवटपर्यंत पडू दिला नाही. ज्या पदार्थाला सणावारी जागा नाही, त्याचं बी कुणी गाडग्यात राख घालून जपत नाही.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे हा कडक टोमॅटो बाजी मारतो. अगदी कच्चा, हिरवागार घ्यावा, तीळ, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि लसणाबरोबर परतून चटणी वाटावी. पिकण्याचा प्रश्नच नसल्याने न पिकण्याची तक्रारही नाही. भाकरीबरोबर ही चटणी असली की मी बियाणं कंपन्यांना पूर्ण माफ करतो, निदान जेवण होईपर्यंत.

दर वर्षी टोमॅटो दोनदा बातमीत येतो आणि दोन्ही वेळा भावामुळे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये किलोला दोन-तीन रुपये मिळेनात, तेव्हा नाशिक-औरंगाबाद भागातल्या शेतकऱ्यांनी कॅरेट रस्त्यावर ओतले. २०२३ च्या जुलैत तोच टोमॅटो शहरांत किलोला दीडशेच्या पुढे गेला, नारायणगावात कॅरेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला, आणि दिल्लीत सरकारी संस्थांना गाड्या लावून स्वस्तात टोमॅटो विकावा लागला. त्या महिन्यात लोक दागिन्यांइतक्या काळजीने टोमॅटो निवडत होते, विनोदांना तर ऊत आला होता. पण एवढे पैसे मोजतोय तर चव तरी हवी, असं म्हणणारं मला कुणी भेटलं नाही. ओतताना आणि जपताना, दोन्ही वेळा तो फक्त किलोच होता.

आणि घरी आणल्यावर आपण काय करतो? थेट फ्रिजमध्ये. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात पिकलेले टोमॅटो पाच अंश तापमानात आठवडाभर ठेवून पाहिले होते. वासाची द्रव्यं तयार करणारी जनुकं थंडीत मंदावली आणि त्यातली काही नंतर बाहेर काढून ठेवल्यावरही पूर्वपदावर आली नाहीत. म्हणजे बियाण्यातून, ट्रकमधून, मॉलमधून जी काही चिमूटभर चव वाचून आलेली असते, तिचा शेवटचा बंदोबस्त आपण घरात करतो. हे वाचल्यापासून आमच्याकडे टोमॅटो ओट्यावर परडीत असतात. पाहुणे विचारतात, "फ्रिज बिघडलाय का?"

अलीकडे मी संध्याकाळी उशिरा मंडईत जातो. दिवसभर दाबून दाबून लोकांनी बाजूला टाकलेल्या मऊ टोमॅटोंचा ढीग तेव्हा एका कोपऱ्यात वेगळा लावलेला असतो, भाव निम्म्याहून कमी. वाण तोच, जाड सालीचाच, पण दोन-तीन दिवस जास्त पिकलेला आणि सगळीकडून लाल झालेला. भाजीवाल्याला पहिल्यांदा माझी दया आली. "काका, चांगले आहेत इकडे, ते कशाला घेता?" साराला, म्हणालो. "मग ठीक आहे," म्हणाला, "हॉटेलवाले पण हेच नेतात," आणि वर दोन फुटलेले फुकट टाकले. त्याचं सार बरं होतं. दोन आमसुलं टाकावी लागतात, पण बरं होतं.